आईच्या गोळ्या चालू आहेत आणि काढाही सुरू करायचाय?

ताई, घाबरू नका, दोन्ही एकत्र चालू शकतं, फक्त चोरून नको. आधी एक वही करा, त्यात आई घेतात ते सगळं लिहा, शुगर-बीपीच्या गोळ्या, चूर्ण, शेजारच्या काकूंनी दिलेली पुडीसुद्धा, आणि ती डॉक्टर आणि वैद्य दोघांनाही दाखवा. डॉक्टर ओरडतील म्हणून लपवणं हीच नवीन लोकांची पहिली चूक.

बाकी सध्या एवढंच:
- शुगरची गोळी मनाने बंद करायची नाही. ग्लिमेपिराइड ही शुगर कमी करणारी गोळी चालू असताना कारल्याचा रस, मेथीची पावडर जोरात सुरू केली तर शुगर एकदम खाली येऊ शकते, घरी ग्लुकोमीटर हवाच.
- ज्येष्ठमध रोज नको, बीपी वाढतं.
- एका वेळी एकच नवीन औषध, नाहीतर खाज कशाने आली कळणारच नाही.
- ऑपरेशन ठरलं की लसूण-हळदीच्या कॅप्सूलचं सर्जनला लगेच सांगा, रक्तस्राव वाढू शकतो.

आणि 'नैसर्गिक आहे, काय होतंय' हे डोक्यातून काढा. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेल्या केसेस छापल्या, आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, तो वाद राहू दे, पण डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली तर काढा बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. भस्मांचं, म्हणजे धातू-खनिजं भाजून केलेल्या आयुर्वेदिक औषधांचं, नंतर बोलू, तोवर बिनलेबलची पुडी घरात नको.