जुनी लिफ्ट बदलताना व्यवस्थापकाने काय पाहावे?

प्रश्न : ठाण्यातील आमच्या सात मजली सोसायटीतील दोन्ही लिफ्ट 1992 सालच्या, जाळीच्या दारांच्या आहेत. देखभाल करणारी कंपनी त्या पूर्ण बदलण्याचा आग्रह धरते, तर काही सभासदांच्या मते केबिन नवी केली की भागेल. गेल्या वर्षी आम्ही पूर्णवेळ व्यवस्थापक नेमले आहेत. या कामात त्यांच्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी? शिवाय तळमजल्यावरचे सभासद खर्चाचा वाटा द्यायला तयार नाहीत. – सोसायटीच्या सचिव

उत्तर : लिफ्ट बदलायची की नाही, हा निर्णय सर्वसाधारण सभेचा आहे, मात्र तो कंपनीच्या माहितीपत्रकावरून न होता इमारतीतल्या नोंदींवरून व्हावा, ही जबाबदारी व्यवस्थापकांची. त्यांनी आधी गेल्या दोन-तीन वर्षांच्या तक्रारी तारखेनिशी मांडाव्यात : लिफ्ट किती वेळा अडकली, कोणता भाग बदलला, मजल्याच्या दोन बोटे खाली थांबण्याची खोड दुरुस्तीनंतर किती दिवसांनी परतली. वायररोपच्या तुटलेल्या तारा कुसळांसारख्या बाहेर आल्या असतील, पुलीच्या खाचा झिजल्या असतील आणि कंट्रोलरचे, म्हणजे लिफ्ट चालवणाऱ्या विद्युत नियंत्रण पेटीचे, सुटे भाग बाजारात मिळत नसतील, तर केबिन सजवणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. याउलट केबिन ज्यांच्या आधाराने वर-खाली सरकते ते मार्गदर्शक रूळ सरळ व शाबूत असतील, तर ते ठेवून मोटर, कंट्रोलर, दारे आणि रोप बदलण्याचा मधला मार्गही असतो, जो नवी लिफ्ट विकणारा सहसा आपणहून सुचवत नाही. म्हणून ही तपासणी कोणत्याही कंपनीशी न बांधलेल्या सल्लागाराकडून करून घ्यावी.

केबिनबद्दल एक सावधगिरी आवर्जून सांगतो. लिफ्टचे प्रतिवजन, म्हणजे केबिनला तोलण्यासाठी रोपच्या दुसऱ्या टोकाला टांगलेले वजन, केबिनचे वजन आणि साधारण निम्मा भार धरून ठरवलेले असते. तेव्हा हौसेने खाली ग्रॅनाइट आणि भिंतींना जाड आरसे लावले की हा तोल बिघडतो आणि मोटर व ब्रेकवर ताण येतो.

निविदा मागवण्यापूर्वी व्यवस्थापकांनी शाफ्टचे, म्हणजे लिफ्ट ज्यातून वर-खाली जाते त्या उभ्या पोकळीचे, माप प्रत्येक मजल्यावर घेववावे आणि वरून ओळंबा सोडून पाहावा, कारण जुन्या इमारतींचे शाफ्ट क्वचितच सरळ असतात. जाळी काढून स्वयंचलित दारे बसवली की त्यांची यंत्रणा जागा खाते. त्यामुळे आजची सहा जणांची, म्हणजे माणशी 68 किलो या हिशेबाने 408 किलोची लिफ्ट उद्या चारच जणांची होऊ शकते. व्हीलचेअर आत मावेल का, हे कागदावर विचारण्यापेक्षा जमिनीवर खडूने केबिनचा चौकोन आखून त्यात खुर्ची ठेवून पाहिलेले बरे. निविदेत वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी यंत्रणा मागावी, आणि कंट्रोलरचा पासवर्ड सोसायटीच्या ताब्यात राहील अशी अट लेखी घालावी. अन्यथा पुढे देखभालीसाठी त्याच कंपनीच्या दाराशी उभे राहावे लागते.

महाराष्ट्रात लिफ्टविषयीच्या 2017 च्या अधिनियमानुसार नवी लिफ्ट उभारण्यास आणि चालू लिफ्टमध्ये मोठे फेरफार करण्यास लिफ्ट निरीक्षकांकडील परवानगी लागते. नवी लिफ्ट परवान्याशिवाय रहिवाशांसाठी सुरू करू नये. कागद कंपनी तयार करते, पण ते वेळेत दाखल झाले का, हे व्यवस्थापकांनी स्वतः पाहावे.

दोन्ही लिफ्ट एकाच वेळी बंद करू नयेत. पहिलीचे काम पुरे होऊन ती परवान्यानिशी चालू झाल्यावरच दुसरी कामासाठी बंद करावी. जिना चढू न शकणाऱ्यांची यादी, त्यांच्या दवाखान्याच्या वेळा आणि गॅस सिलिंडर वर नेण्याची सोय आधी ठरवून ठेवावी. दारे काढलेल्या प्रत्येक मजल्यावर शाफ्टचे तोंड पक्क्या फळ्यांनी बंद झाले आहे की नाही, हे रोज संध्याकाळी कामगार गेल्यावर व्यवस्थापकांनी स्वतः हात लावून तपासावे. नुसती पिवळी पट्टी पोराबाळांना अडवत नाही.

तळमजल्याच्या सभासदांविषयी : आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, लिफ्टच्या दुरुस्ती-देखभालीचा खर्च ती ज्या इमारतीत आहे तेथील सर्व सभासदांनी, लिफ्ट वापरोत वा न वापरोत, समान वाटून द्यायचा असतो. संपूर्ण बदलीसाठी सिंकिंग फंडाला, म्हणजे मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीला, हात लावायचा असल्यास मात्र आपल्या नोंदणीकृत उपविधीतील तरतूद पाहून सभेचा रीतसर ठराव करून घ्यावा, आणि त्या सभेत व्यवस्थापकांनी तक्रारींची ती नोंदवही सर्वांसमोर ठेवावी.