उंचीवर ड्रोन नेतोयस? आधी बॅटरीचं बघ

पहिली गोष्ट, बॅटऱ्या सॅकमध्ये नको, जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाशी ठेव. थंड बॅटरीवर उड्डाण केलंस तर ४० टक्के दिसत असतानाच व्होल्टेज कोसळतं आणि ड्रोन मिळेल तिथे उतरायला लागतो. टेकऑफ केल्यावर आधी मिनिटभर जमिनीजवळच तरंगत ठेव, बॅटरी आतून गरम होते.

५,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के असते. पंखे जास्त वेगाने फिरतात, उड्डाणाचा वेळ घटतो, ब्रेक उशिरा लागतो. तुझ्या मॉडेलची उंचीची मर्यादा आधी वाच.

‘रिटर्न टू होम’ची, म्हणजे ड्रोन आपोआप परत येतो तेव्हाची, उंची टेकऑफच्या जागेपासून मोजली जाते, हे मात्र पक्कं लक्षात ठेव. मी दरीतून उडवला होता, परत येताना मध्ये डोंगराची धार आली, ड्रोन थोडक्यात वाचला. वाऱ्याच्या आडोशाला, कड्यामागे, हवा खाली खेचते. तिथे फार जवळ जाऊ नकोस.

सायकलमागे ऑटो-फॉलो (ड्रोन आपोआप मागे येतो ती सोय) मोकळ्या उतारावर ठीक, झाडीत नाही. आणि दोरावर कुणी चढत असेल तर ड्रोन लांबच ठेव. त्या आवाजात बिलेअरची, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याची, हाक ऐकू येत नाही. शॉट गेला तरी चालेल.