वाचकांचे प्रश्न : रिसेप्शनचा हिशेब उलटा मांडा

प्रश्न : मुलाचं लग्न मे महिन्यात अमळनेरला आहे, मुहूर्त दुपारी 12.35 चा. त्याच संध्याकाळी 7 वाजता जळगावला लॉन्सवर रिसेप्शन ठेवलंय, माणूस 900 च्या आसपास. थोरल्याच्या वेळी नवरा-नवरी साडेआठला स्टेजवर आले आणि बरेच पाहुणे आहेराचं पाकीट कुणाच्या तरी हाती देऊन निघून गेले. या वेळी वेळा कशा ठरवाव्यात? (वरपिता, जळगाव)

उत्तर : सातपासून पुढे मोजू नका, रात्री 10 पासून मागे मोजा. उघड्यावर रात्री 10 नंतर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे, म्हणून स्टेजवरची रांग साडेनऊला संपली पाहिजे.

आता दुपारकडे या. मुहूर्त 12.35 चा असला तरी अक्षता पडेपर्यंत एक वाजतोच. पाठवणी साडेतीनवर गेली, की जळगावला पोहोचेपर्यंत पाच. मग घरी माप ओलांडणं, औक्षण, चहा, आणि त्यानंतर नवरीच्या तयारीला दोन तास. थोरल्याच्या वेळचे साडेआठ बहुधा असेच झाले असतील. तेव्हा व्याह्यांशी आधीच बोलून पाठवणी तीनला ठरवा. मेकअपवालीला घरी न बोलावता थेट लॉन्सच्या खोलीत साडेचारला बसवा. गृहप्रवेश रिसेप्शननंतर निवांत करा. लॉन्स म्हणजे काही घर नव्हे, आधी तिथे गेल्यानं माप ओलांडायचं चुकत नाही. (लॉन्स ठरवण्याआधी विचारलं असतं, तर रिसेप्शन दुसऱ्या दिवशी ठेवा असंच सांगितलं असतं.)

घरच्यांचे ग्रुप फोटो पावणेसात ते सव्वासात या वेळात उरका. मेमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि उन्हाच्या धगीत पाहुणा सव्वासातच्या आधी फारसा फिरकत नाही, त्यामुळे हा अर्धा तास तुमचाच असतो.

खरा घोळ स्टेजवर होतो. 900 माणसं म्हणजे चार-चारचे साधारण 225 गट. एका गटाला 40 सेकंद धरले तरी 150 मिनिटं होतात आणि सव्वासात ते साडेनऊ मिळतात 135. गट 30 सेकंदांवर आणला, की काम 113 मिनिटांत बसतं, वर नवरा-नवरीला पाणी प्यायला, पाय मोकळे करायला वीस मिनिटं उरतात. त्यासाठी चढायची पायरी एका बाजूला आणि उतरायची दुसऱ्या बाजूला हवी. पुढचा गट पायरीशी तयार उभा करायला घरातला एक खमक्या मामा नेमा. पाकिटं घेणारा माणूस नवरदेवाच्या मागे न ठेवता उतरायच्या पायरीशी बसवा, वहीसकट.

मान्यवरांचे सत्कार स्टेजवर नकोतच. माइकवर नाव, शाल, नारळ, फोटो यांत माणशी दीड मिनिट जातं. वीस जण म्हटले तर अर्धा तास, आणि तेवढा वेळ रांग उन्हाळ्यात ताटकळते. घरच्या ज्येष्ठांनी खुर्चीपाशी जाऊन मान द्यावा, मान्यवरांनाही तेच सोयीचं असतं.

जेवण साडेसातलाच उघडा, स्टेजसाठी थांबवू नका. आठ ते नऊ या तासात 600 जण ताट उचलतील, म्हणजे मिनिटाला दहा. बुफेच्या एका रांगेतून मिनिटाला चारच्या वर ताटं सरकत नाहीत, म्हणून चार रांगा, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाढून घेता येतील असे दोन काउंटर. रांग अडते ती गरम पुरीपाशी, तेव्हा पुरीचं टेबल वेगळं करा.

मेन्यूत वरण-बट्टी असेल तर ती उभ्यानं खायची वस्तू नव्हे. कुस्करायची, वर वरण ओतायचं, तूप घ्यायचं, घोटलेली वांगी लावायची, म्हणजे दोन्ही हात हवेत. निदान दीडशे जणांची टेबलं मांडा आणि तिथे वाढपी ठेवा. आचाऱ्याला सांगा, बट्ट्या उकडून सहापर्यंत तयार असू देत, पण तळण साडेसातपासून घाण्याघाण्यानं काढा. आधीच तळून ठेवलेली बट्टी नऊला दगड होते.

पाणी माणशी दीड लिटर धरा. 20 लिटरचे 68 जार होतात, 75 मागवा.

प्रश्न : हॉल बंद आहे, एसी नाही. मोठे कूलर लावले तर चालेल का? (भुसावळ)

उत्तर : मेमध्ये आपली हवा कोरडी असते, म्हणून कूलर चांगला चालतो. मात्र तो खिडकीत किंवा दाराशी बाहेरची हवा ओढेल असा लावा आणि समोरची दारं उघडी ठेवा. सगळं बंद करून मधोमध लावला, की अर्ध्या तासात ओल कोंडते आणि घाम सुकेनासा होतो. पहिला पाऊस पडून गेल्यावरचं लग्न असेल तर कूलरवर पैसे घालवू नका, पंखे वाढवा. कूलर आणि डीजे एकाच जनरेटरवर जोडायचे असतील तर दोन्ही सुरू ठेवून आदल्या दिवशी अर्धा तास चालवून पाहा.