दिवसा दीपगृहाचा जहाजाला काय उपयोग? त्यावर रंगीत पट्टे कशासाठी असतात?

दिवा बंद असताना दीपगृह खलाशांच्या काय कामाचे आणि ते रंगीत पट्ट्यांनी का रंगवतात, असे आपण विचारले आहे. मी व्यापारी जहाजांवर अनेक वर्षे काम केले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

रात्री प्रत्येक दिव्याच्या उघडझापीची लय वेगळी असते. दिवसा तेच काम मनोऱ्याचा रंग आणि आकार करतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाचा किनारा सपाट, वाळूचा आणि मैलोगणती एकसारखा दिसणारा असल्याने, दिसलेला मनोरा नेमका कोणता, हा प्रश्न तिथे जीवनमरणाचा होता. म्हणून १८७३ मध्ये केप हॅटरसच्या मनोऱ्याला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पीळ, बॉडी आयलंडला आडवे पट्टे आणि केप लुकआउटला तिरप्या चौकटी देण्यात आल्या. त्यातही केप लुकआउटच्या काळ्या चौकटी उत्तर-दक्षिणेला आणि पांढऱ्या पूर्व-पश्चिमेला तोंड करून आहेत. पुढे १८७५ मध्ये उभ्या राहिलेल्या करिटकच्या मनोऱ्याला मुद्दाम रंगच दिला नाही. उघडी तांबडी वीट हीच त्याची ओळख ठरली. आपल्याकडे मुंबईत कुलाब्याच्या टोकाचे प्राँग्स दीपगृहही असेच पट्टेरी आहे.

मला सर्वांत विश्वासाची वाटते ती मात्र किनाऱ्यावरची जोडखूण. बंदराच्या वाटेच्या सरळ रेषेत दोन फळ्या उभ्या केलेल्या असतात, पुढची ठेंगणी आणि मागची उंच. बंदरात शिरताना त्या एकावर एक दिसल्या की जहाज खोल पाण्याच्या वाटेवर आहे, असे समजावे; पुढची फळी उजवीकडे सरकलेली दिसली तर आपण डावीकडे वाहवलो आहोत, तेव्हा जहाज उजवीकडे घ्यावे. सुकाणूजवळ उभे राहून या दोन फळ्या हळूहळू एकमेकींवर येताना पाहिल्या की जिवाला जो धीर वाटतो, तो मला कोणत्याही यंत्राने दिलेला नाही.

पाण्यातल्या बोयांचेही, म्हणजे वाटेच्या कडा दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचेही, तसेच. भारतात समुद्रातून बंदराकडे येताना तांबडा बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवतात. अमेरिकेत नेमके उलट. समोर ऊन असेल तर दोन्ही काळेच दिसतात, म्हणून आकारही पाहावा लागतो: आपल्याकडे तांबडा डब्यासारखा, हिरवा शंकूसारखा. मात्र बोया साखळीने बांधलेला असतो आणि वादळात जागचा हलू शकतो, त्यामुळे बोया आणि जोडखूण यांत तफावत दिसली तर मी जोडखुणेवर विसंबत असे.