गुजरातेत राज्य महामार्गांवरही टोल फक्त फास्टॅगनेच घ्यावा का?

घ्यावा; टॅग अडला तरच दुसरी सोय असावी. मात्र राज्याच्या टोलरस्त्यांवर मोटारींना 15 ऑगस्ट 2016पासून माफी आहे, तेव्हा वडोदऱ्यातल्या आपल्या कारवाल्यांनी यावर तावातावाने भांडू नये. प्रश्न मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून माल भरून निघणाऱ्या ट्रकवाल्यांचा. रोखीत ड्रायव्हर चुरगळलेल्या पावत्या आणतो आणि मालक हिशेबावरून त्याचं डोकं खातो. टॅगमधून पैसे कापले की मेसेज थेट मालकाच्या मोबाइलवर. मेख एकच: टॅग काळ्या यादीत असला तर नाक्यावर रिचार्ज मारून तो लगेच चालेलच असं नाही, आणि मागे हॉर्नचा कल्लोळ! राष्ट्रीय महामार्गांवर नोव्हेंबर 2025पासून टॅग नसल्यास किंवा तो चालत नसल्यास यूपीआयने सव्वापट, रोखीत दुप्पट घेऊ लागले. इथेही तेच लावा, म्हणजे कुणी अडकून पडणार नाही.