हिस्सा घटत जातो, अध्यक्ष मात्र तेच राहतात

प्रश्न : आमच्या गावातील अनेक घरांनी १९९० च्या दशकात, मुंबईत नोकरीला असलेल्या मुलांच्या सांगण्यावरून, एका रसायन कंपनीचे शेअर घेतले. माझ्याकडे त्यांपैकी १,००० आहेत. कंपनीचे अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक एकच गृहस्थ असून ते २० वर्षांहून अधिक काळ पदावर आहेत आणि त्यांचे वय ७३ आहे. या काळात शेअरची संख्या वाढत गेली, पण लाभांश नावापुरताच राहिला. आता त्यांची ५ वर्षांसाठी फेरनियुक्ती आणि प्रवर्तकांना (कंपनी उभारून तिचे नियंत्रण हाती ठेवणाऱ्यांना) २५ लाख वॉरंटचे, म्हणजे ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घेण्याच्या हक्कांचे, वाटप, असे दोन ठराव वार्षिक सभेपुढे आहेत. प्रवर्तकांकडे ५२ टक्के शेअर असताना आमच्या मताला काय अर्थ उरतो?
— एक भागधारक, गुहागर

उत्तर : आपला संताप रास्त आहे, आणि आपल्या मताला आपण समजता त्यापेक्षा पुष्कळ अधिक वजन आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ६२ नुसार निवडक व्यक्तींना असे वाटप करण्यासाठी विशेष ठराव लागतो, आणि व्यवस्थापकीय संचालकाचे वय ७० च्या पुढे गेले असेल तर कलम १९६ नुसार त्याच्या नियुक्तीसाठीही तो लागतो. विशेष ठराव संमत होण्यासाठी बाजूची मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट असावी लागतात. त्यामुळे केवळ प्रवर्तकांची ५२ टक्के मते बाजूने पडली आणि उरलेल्या ४८ टक्क्यांतून एकूण मतांच्या साडेसतरा टक्के मतांनी विरोध नोंदवला, तरी ठराव पडतो. फेरनियुक्तीला विशेष बहुमत मिळाले नाही, पण साधे, म्हणजे विरोधापेक्षा अधिक मते, मिळाले, तर केंद्र सरकारची मंजुरी मागण्याची वाट कायद्याने कंपनीला ठेवली आहे. वॉरंटच्या ठरावाला मात्र तशी सवलत नाही.

म्हणून वॉरंटकडे अधिक बारकाईने पाहावे. वॉरंट घेणाऱ्याने आरंभी किमतीच्या २५ टक्के रक्कम भरायची आणि उरलेली १८ महिन्यांच्या आत भरून शेअर घ्यायचे, अशी ही रचना असते. दरम्यान बाजारभाव चढला तर प्रवर्तक जुन्या किमतीला शेअर घेतात, उतरला तर भरलेली रक्कम सोडून देऊन मोकळे होतात; ही निवड सामान्य भागधारकाला कोणीही देत नाही. समजा, कंपनीचे १ कोटी शेअर आहेत आणि वार्षिक नफा ५ कोटी रुपये आहे, म्हणजे प्रत्येक शेअरमागे ५ रुपये. शेअर सव्वा कोटी झाले आणि नफा तेवढाच राहिला तर हाच आकडा ४ रुपयांवर येतो. तो पुन्हा ५ वर न्यायचा तर नव्या पैशातून दरवर्षी आणखी सव्वा कोटीचा नफा व्हायला हवा. नवे शेअर काढणे स्वतःहून वाईट नसते; कारखाना वाढवण्यासाठी ते आवश्यकही असू शकते. म्हणूनच गेल्या १० वर्षांच्या अहवालांतून प्रत्येक शेअरमागचा नफा काढून ओळीने मांडा. शेअर वाढले आणि हा आकडा खाली आला असेल, तर आधीच्या पैशाचे काय झाले, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. पैसा खरोखरच हवा असेल तर सर्वांना प्रमाणात संधी देणारा हक्कभाग का काढला नाही, हा प्रश्नही सभेपूर्वी कंपनी सचिवांना लेखी पाठवा. नोटिशीला जोडलेल्या निवेदनात वाटपाचा उद्देश आणि वाटपापूर्वीची व नंतरची भागधारणा द्यावी लागते; ती पाने आधी वाचा.

खरी अडचण मतदानाची आहे. न टाकलेले मत मोजणीत धरलेच जात नाही, आणि आर्थिक वर्ष मार्चअखेर संपणाऱ्या कंपन्यांच्या सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागत असल्याने त्या अनेकदा नेमक्या गणपतीच्या दिवसांत येतात, जेव्हा कोकणातल्या घरात नोटीस उघडायलाही कोणाला उसंत नसते. ई-मतदान किमान ३ दिवस खुले असते आणि सभेच्या आदल्या दिवशी सायंकाळी ५ वाजता बंद होते. शेअर अजून कागदी स्वरूपात असतील तरी शेअर प्रमाणपत्रावरील फोलिओ क्रमांकावरून मत देता येते. चाकरमानी त्या सुमारास घरी आलेलेच असतात. त्यांच्या मदतीने वाडीतील सर्वांची मते त्या मुदतीत नोंदवून घ्या.

कलम २४१ खाली अन्यायाविरुद्ध दाद मागायला कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जाण्यासाठी १०० सभासद पुरतात, आणि आपल्या पंचक्रोशीत तेवढे निघतीलही. परंतु रीतसर संमत झालेले वाटप, इतरांचा हिस्सा घटला एवढ्याच कारणावरून अन्यायकारक ठरत नाही, त्यामागचा गैरहेतू कागदपत्रांनी दाखवावा लागतो. तेव्हा आधी मतदानाचा मार्ग धरावा आणि सभेनंतर कंपनी शेअर बाजाराला जो निकाल कळवते, त्यात प्रवर्तक, संस्था आणि इतर भागधारक यांची मते वेगवेगळी दिलेली असतात, ती पाहून पुढचे ठरवावे.