हात पोहोचत नाही तिथली रिव्हेट

आलेली बहुतेक पत्रं एकाच जागी अडकली आहेत. विमानाचं किट घेतलं, पत्रा जोडत आलो, आणि आता अशा कोपऱ्यातल्या रिव्हेट्स उरल्या आहेत जिथे गनही जात नाही आणि डॉलीही. म्हणून उत्तरं एकत्र देतो. रिव्हेट म्हणजे पत्रे जोडणारी धातूची मेख, गन तिच्या डोक्यावर ठोके मारते. डॉली म्हणजे तेव्हा मागून टेकवायचा ठोकळा, अमेरिकेत त्याला बकिंग बार म्हणतात. मी पत्रेकाम शिकलो तिथे डॉलीच म्हणत.

प्रश्न: १/८ इंची रिव्हेट ठोकल्यावर फुगून तयार होणारं मागचं डोकं केवढं व्हायला हवं?

रुंदी ३/१६ इंच, उंची १/१६ इंच. गेजने मोजा, नजरेने नाही.

प्रश्न: रिब (पंखाची फासळी) स्पारला (पंखाच्या कण्याला) जोडताना रिबची भिंत आड येते, गन तिरकी धरावी लागते. दोनदा डोक्याशेजारी चंद्रकोर उमटली. काय करू?

गन तिरकी धरायचीच नाही. गनच्या टोकाला बसवलेल्या स्नॅपची कड पत्र्यात रुतते म्हणून ती चंद्रकोर उमटते. ती खोल असेल तर पुढे तिथूनच तडा सुटतो.

आधी स्क्वीझरला, म्हणजे रिव्हेट दोन्हीकडून दाबणाऱ्या हत्याराला, वेगळ्या आकाराचा योक (जबडा) लावून दाबता येते का ते बघा. दाबलेली रिव्हेट ठोकलेलीपेक्षा हमखास नीट बसते. ते जमत नसेल तर रिव्हेट उलटी घालता येईल का ते पाहा: तयार डोकं मोकळ्या बाजूला, तिथे गन, आणि अडचणीच्या बाजूला बारीक डॉली. टंगस्टनची डॉली पोलादाच्या दुपटीहून जड असते, त्यामुळे दोन बोटांएवढी पट्टीही पुरते. मात्र उलटी घालण्याआधी ड्रॉइंग बघा आणि किटवाल्यांना विचारा.

दुहेरी बाकाचा स्नॅप हा शेवटचा उपाय. तो गनमध्ये गरकन फिरतो, म्हणून दांडा बोटांनी घट्ट धरा, त्यावर टेप गुंडाळा, हवेचा दाब कमी ठेवून सुरुवात करा. बाकामुळे ठोक्याचा जोर थोडा वाया जातो, हे धरून चाला. आधी भंगार पत्र्यावर वीस रिव्हेट्स मारा, मग विंगला हात लावा.

प्रश्न: एडी रिव्हेट्स फ्रिजमध्ये ठेवायच्या का? हँगरमधले एक जण तसं सांगतात.

नाही. एडी, डीडी ही रिव्हेटच्या मिश्रधातूची नावं. फ्रिज लागतो तो डीडी रिव्हेट्सना. डोक्यावर खोलगट टिंब असेल ती एडी, दोन उठावदार रेघा असतील ती डीडी. ऐकीव सांगण्यापेक्षा डोकं बघा.

प्रश्न: टेल कोनमध्ये (शेपटाकडच्या निमुळत्या भागात) बायको डॉली घेऊन आत असते, मी बाहेर गनवर. एकमेकांचं ऐकूच येत नाही.

ऐकू येता कामा नयेच, दोघांच्याही कानांवर संरक्षण हवं. कारखान्यातली टकटक शिका. आतल्या माणसाने रिव्हेटवर एकदा टकटक केली तर अजून मार, दोनदा केली तर उत्तम, तीनदा केली तर बिघडली, काढ. डॉली टेकली आहे असं आतून कळल्याशिवाय ट्रिगर ओढायचा नाही. बिघडली की नाही हे आतलाच माणूस ठरवणार, कारण बघतोय तो. तिथे वाद नको.

प्रश्न: सहा-सात रिव्हेट्स पोहोचतच नाहीत. मेहुणे म्हणतात पॉप रिव्हेट मार, अ‍ॅल्युमिनियमचीच असते. ऑनलाइन 'एव्हिएशन ग्रेड' पाकीटही मिळतंय. चालेल?

चालणार नाही. दर वेळी हाच प्रश्न येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

भरीव रिव्हेट ठोकली की तिचा दांडा फुगतो आणि अख्खं भोक भरून टाकतो. १/८ इंची एडी रिव्हेट कातरबलाला (पत्रे एकमेकांवरून सरकवणाऱ्या जोराला) सुमारे ३८८ पौंड धरते, ती या भरीवपणावर. दुकानातली पॉप रिव्हेट म्हणजे पोकळ नळी. मधली खीळ ओढून तोडली की तिचा उरलेला तुकडा आत अडकवून ठेवणारं काही नसतं, तो कधीही गळतो. मग नळी भोकात हलायला लागते आणि डोक्याभोवती काळपट भुकटी जमून वाऱ्याच्या दिशेने शेपटीसारखी ओघळते. एका हँगरमध्ये मी अशी शेपटी बोटाने पुसली आणि डोक्याला नख लावलं. रिव्हेट जागेवर गोल फिरली. मालक ते विमान दर रविवारी उडवत होता.

शिवाय दुकानातल्या चपट्या डोक्याचा कोन बहुधा १२० अंश असतो, विमानाच्या पत्र्याचं डिंपल, म्हणजे डोकं बसायचा खळगा, १०० अंशांचं. डोकं कडेवरच टेकतं. खीळ साध्या पोलादाची असेल तर कोकणातल्या एका पावसाळ्यात गंजते. आणि 'एव्हिएशन ग्रेड' हे शब्द पाकिटावर कोणीही छापू शकतो. पार्ट नंबर आणि सर्टिफिकेट मागा. विक्रेता गप्प बसला तर उत्तर मिळालं.

ओढून बसवायच्या रिव्हेट्स वाईट असतात असं मी म्हणत नाही. आरव्ही-१२ हे किटचं विमान जवळजवळ सगळं त्यांच्यावरच उभं आहे, पण तिथे डिझायनरने पहिल्या दिवसापासून तोच हिशोब धरला आहे. चेरीमॅक्स या ओढून बसवायच्या रिव्हेटमध्ये खीळ कॉलरने कुलूपबंद होते, म्हणून ती अनेक ठिकाणी भरीव रिव्हेटची जागा घेऊ शकते. कुठल्या भोकात, कुठल्या लांबीची, हे डिझायनर सांगणार. मेहुणे नाहीत, तुम्ही नाही आणि मीही नाही. भोकाचा फोटो आणि ड्रॉइंगचा क्रमांक किटवाल्यांना पाठवा, उत्तर लेखी घ्या.

प्रश्न: भारतात किट मागवायचं आहे. कोणाला विचारू?

डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, आणि पैसे भरण्याआधी. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांचं विमान २०१६ साली 'मेक इन इंडिया'त लोकांनी पाहिलं, नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं. पहिल्या रिव्हेटपासून फोटो आणि नोंदी ठेवा.

प्रश्न: एलिव्हेटरमधली (विमानाच्या शेपटीवरच्या हलत्या फळीतली) वाकडी रिव्हेट काढताना भोक लांबट झालं. चार महिने तसंच आहे. वरचा पत्रा लावून पुढे जाऊ का? की जाडी रिव्हेट घालू?

पत्रा लावू नका. आज उघडं आहे तोवर हात जातो, उद्या तीच जागा पोहोचत नाही म्हणून तुम्हीच मला लिहाल.

जाड्या रिव्हेटचं गणित असं: भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतर हवं. १/८ ला १/४ इंच, ५/३२ ला ५/१६. तेवढं नसेल तर जाडी घालून कड फाटते. पुढच्या वेळी ड्रिल फक्त डोक्याच्या जाडीइतकंच उतरवा, पंचने डोकं मोडा, मागून आधार देऊन दांडा बाहेर ढकला.

आता या भोकाचं अंतर मोजा, पट्टी ठेवून फोटो काढा, किटवाल्यांना पाठवा. ईएए म्हणजे घरी विमान बांधणाऱ्यांची अमेरिकेतली संघटना. तिच्या जवळच्या शाखेत टेक्निकल कौन्सिलर आहे का बघा, तो स्वयंसेवक असतो, घरी येऊन बघतो. त्याला याच आठवड्यात बोलवा. तो बघून जाईपर्यंत वरचा पत्रा भिंतीला टेकवून ठेवा.